जुन्या किटमधून लाकडी शिडाचं जहाज: काय ठेवायचं, काय बदलायचं

चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडून राहिलेलं शिडाच्या जहाजाचं किट हाती आलं, की त्याच संध्याकाळी गोंद घेऊन बसावंसं वाटतं. तेवढा मोह आवरा. अशा खोक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे नकाशा, अर्थात जहाजाच्या आकाराची माहिती. दुसरी म्हणजे तो आकार उभा करायला दिलेलं सामान. नकाशा कागदाच्या जोरावर टिकतो, सामान मात्र म्हातारं होतं. लाकूड वाकतं, दोरा कुजतो, शिशाची भुकटी होते. त्यामुळे या कामात पावलोपावली एकच प्रश्न समोर येतो: खोक्यातलं हे ठेवायचं की बदलायचं? माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. नकाशा आणि चांगलं लाकूड जपायचं, दोरा आणि शिसं बिनदिक्कत काढून टाकायचं, आणि मधल्या प्रत्येक भागाची परीक्षा घ्यायची.

शब्दांबद्दल एक सांगून ठेवतो. शीड, डोलकाठी, सुकाणू, कप्पी, जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ, हे आपले शब्द या कामात चपखल बसतात, म्हणून तेच वापरले आहेत. बल्कहेड (कण्यावर आडवे बसणारे, जहाजाच्या छेदाच्या आकाराचे तुकडे), डेडआय (दोर ताणून बांधायच्या, भोकं असलेल्या गोल लाकडी चकत्या), रॅटलाइन (चढायच्या दोरी-पायऱ्या) हे मात्र तसेच ठेवले, कारण नकाशावर तुम्हाला तेच छापलेले दिसतील.

मोजदाद आणि नकाशा

आधी सगळं सामान टेबलावर मांडून फोटो काढा आणि भागांच्या यादीशी ताळा करा. काय कमी आहे हे पहिल्या दिवशी कळलं तर त्रास होत नाही. डोलकाठ्या उभ्या राहिल्यावर कळलं तर होतो.

मूळ नकाशावर पेन्सिलीची एक रेघही ओढू नका. तो सपाट ठेवून स्कॅन करा आणि काम प्रतीवर करा. प्रत काढली की तिच्यावरची मापपट्टी स्टीलच्या पट्टीने मोजा, आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी. जुना कागद हवेतल्या ओलाव्याने थोडा ताणला किंवा आकसलेला असतो आणि छपाईतही फरक पडतो. एक टक्का फरक किरकोळ वाटेल, पण ६०० मिमी लांबीच्या जहाजात तो ६ मिमी होतो. तेवढ्याने एखादं बल्कहेड त्याच्या खाचेत बसणारच नाही.

आता प्रमाण समजून घ्या. १:६४ म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ मिमी तुमच्याकडे १ मिमी. इथे मी एक कागदी माणूस कापून ठेवतो. १७० सेंमी उंचीचा माणूस १:४८ ला सुमारे ३५ मिमी, १:६४ ला २६.५ मिमी आणि १:९६ ला जेमतेम १८ मिमी उंच होतो. किटमधला जिना, सुकाणूचं चाक, कठडा, होडी यांच्या शेजारी हा माणूस उभा करा. चाक त्याच्या डोक्याच्या वर जात असेल, कठडा गुडघ्यालाही लागत नसेल, तर तो भाग दुसऱ्याच प्रमाणाचा आहे. जुन्या किटमध्ये एकच साचा अनेक जहाजांना वापरलेला असायचा, त्यामुळे असे परके भाग सापडतात.

एक निर्णय आत्ताच घ्या: किट त्याच्या काळात जसं दिसायचं तसं बांधायचं, की आज जहाजाबद्दल जे माहीत आहे तसं? स्वीडनचं वासा हे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं गेलं. त्यानंतर बराच काळ त्याच्या कोरीवकामामागची पार्श्वभूमी निळी मानली जात होती. पुढे लाकडावर उरलेल्या रंगकणांच्या अभ्यासातून ती लाल होती असं दिसून आलं. म्हणजे जुन्या खोक्यावरच्या चित्रातला निळा रंग त्या काळच्या समजुतीचा आहे. तांब्याच्या पत्र्याचंही असंच. ब्रिटिश आरमाराने एचएमएस अलार्मच्या तळाला तांबं लावून पाहिलं ते १७६१ मध्ये, आणि १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या व्हिक्टरीला ते लागलं १७८० मध्ये. सतराव्या शतकातल्या युद्धनौकेच्या किटमध्ये तांब्याचे पत्रे निघाले तर ते बाजूला ठेवा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण अर्धं असं आणि अर्धं तसं करू नका.

सामानाची परीक्षा

दोऱ्याचा हातभर तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ताणा. जुना सुती दोरा बहुतेक वेळा सहज तुटतो, आणि नाही तुटला तरी त्यावर लव आलेली असते. तो ठेवू नका. गोंदाच्या नळ्या फेकून द्या. पितळेचे भाग काळे पडले असतील तर लिंबू आणि मिठाने उजळतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन कोरडे करा. डोलकाठ्यांच्या गोल काठ्या काचेवर घरंगळत सोडा. काठी डुलत, टकटक करत गेली तर ती वाकडी आहे. ती सरळ करत बसू नका, कारण काही महिन्यांनी ती पुन्हा तशीच होते. सरळ रेषांचं नवं लाकूड घ्या.

शिशाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. जुन्या किटमधल्या तोफा, नांगर, पुढच्या टोकावरच्या मूर्ती हे भाग पुष्कळदा शिशाच्या मिश्रधातूचे असतात. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आणि काही गोंद व रंगांतून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू निघत असते. बंद काचपेटीत ती साचते, शिशाला खाते आणि शेवटी त्याचं पांढरं लेड कार्बोनेट होतं. मी एक जुनी तोफ हातात घेतली होती. वरून काळा रंग शाबूत, पण नळीच्या तोंडाशी पीठ सांडल्यासारखं पांढरं काहीतरी. नखाने हलकेच टोकलं आणि रंगाचं टरफल आत दबलं. आत धातू उरलाच नव्हता. हे नुकसान भरून येत नाही, आणि वर वार्निश लावून थांबेलच याची खात्री देता येत नाही.

धातू ओळखायची सोपी रीत आहे. भागाची न दिसणारी कड कोऱ्या कागदावर घासा. शिसं पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडतं, कथील जास्त असलेला मिश्रधातू तशी ठळक रेघ सोडत नाही. शिसं निघालं तर त्यावरून साचा घेऊन बिनशिशाच्या धातूत भाग ओतून घ्या, नाहीतर पितळेचा किंवा लाकडाचा नवा करा. पांढरी भुकटी विषारी आहे. कोरडी घासू नका, हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.

लाकडाच्या पट्ट्या रंगाप्रमाणे वेगळ्या करा. एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या नाळेकडच्या भागासाठी आणि डेकसाठी राखून ठेवा, बाकीच्या आतल्या थराला, जो वरच्या फळ्यांखाली झाकला जातो. साच्याने अर्धवट कापून दिलेले प्लायचे भाग नीट पाहा. बोथट साच्याने कड चिरडलेली असेल तर तो भाग नवीन प्लायवर आखून कापणं जास्त बरं.

सगळ्याच किटमध्ये सांगाडा नसतो. काहींत यंत्राने ओबडधोबड कोरलेला भरीव ओंडका असतो. तिथे काम वेगळं: नकाशातल्या छेदांवरून पुठ्ठ्याचे साचे कापायचे आणि ते बिनफट बसेपर्यंत ओंडका तासायचा. भेग गेली असेल तर पुट्टी भरू नका, त्याच लाकडाची बारीक पाचर गोंदाने ठोकून बसवा. पुढचा भाग मुख्यतः सांगाड्याच्या किटबद्दल आहे.

कणा सरळ म्हणजे सरळ

कण्याची प्लायची फळी टेबलावर उभी धरून लांबीच्या दिशेने एका डोळ्याने पाहा, मग ताणलेला दोरा लावून खात्री करा. बाक असेल तर फळीच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसा, टिपकागदात गुंडाळून दोन सपाट काचांमध्ये दाबा, वर वजन ठेवा आणि टिपकागद रोज बदला. आठवड्याने काढा आणि आणखी दोन दिवस मोकळी ठेवून पाहा. पुन्हा वाकली तर नवी कापा. इथे दयामाया नको. मी एकदा दीड मिलिमीटरचा बाक "फळ्या लावल्यावर जाईल" म्हणून सोडला होता, आणि फळ्या लावताना एक बाजू आधी पूर्ण करून टाकली. दुसरी बाजू सुरू करेपर्यंत सांगाडा ४ मिमी वळला होता. ते जहाज मोडावं लागलं.

बल्कहेड दोन्ही बाजूंनी सारखं आहे का, हे पाहायला ते कागदावर आखा, मधल्या रेषेवर कागद घडी करा आणि उजेडासमोर धरा. रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत. खाच घट्ट असेल तर कानसने थोडी वाढवा. ठोकून बसवलं तर कणा फाकतो. प्रत्येक बल्कहेड गुण्या लावून काटकोनात चिकटवा आणि शेजारच्या दोन बल्कहेडांच्या मध्ये, कण्याला लागून, अचूक मापाचे लाकडी ठोकळे बसवा. सांगाडा पिळू न देण्याचं खरं काम हे ठोकळे करतात.

जहाजाचा आकार इथे ठरतो

आता येतो तो टप्पा ज्यासाठी मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. बल्कहेडांच्या कडा कापताना काटकोनी असतात. जहाज मात्र नाळेकडे आणि मागे निमुळतं होतं, म्हणून तिथे फळी बल्कहेडाच्या एका कोपऱ्यावरच टेकते. पुढच्या बल्कहेडांची पुढची कड आणि मागच्यांची मागची कड तिरकी तासायची, इतकी की फळी पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे.

१.५ × ५ मिमीची एक लवचीक पट्टी घ्या. एका वेळी निदान चार बल्कहेडांवर ती हलक्या बोटाने दाबून धरा. कुठे फट दिसली तर ते बल्कहेड बसकं आहे, त्याच्या कडेवर पातळ पट्टी चिकटवून वाढवा. एखाद्या ठिकाणी पट्टीला कुबड आलं तर ते बल्कहेड उंच आहे, ते घासा. घासायला पॉलिश पेपर सुटा वापरू नका. दोन-तीन बल्कहेडांवर एकदम पोहोचेल एवढ्या लांब, सपाट काठीला तो चिकटवा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडणार नाही. पट्टी वरपासून कण्यापर्यंत दर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर लावून पाहा, मग दुसऱ्या बाजूला तेच. पहिलं बल्कहेड आणि नाळ यांच्यामधल्या पोकळीत मऊ लाकडाचे ठोकळे भरून त्याच वळणात तासून घ्या. फळ्यांना तिथे सर्वांत जास्त वळावं लागतं आणि टेकायला जागा मात्र सर्वांत कमी असते. शेवटी खोलीतला मोठा दिवा बंद करा, बाजूने एकच दिवा लावा आणि सावल्या पाहा. मग डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा हाताला लागतो.

ज्याला सुकाणू लागतं त्या मागच्या खांबाचं गणितही इथेच सोडवा. कणा ५ मिमी जाड, फळ्यांचा पहिला थर १.५ मिमी, दुसरा ०.५ मिमी. दोन्ही बाजू धरून ९ मिमी झाले, आणि मागचा खांब तर ५ मिमीचाच. हे जास्तीचे ४ मिमी कुठेतरी जिरवावे लागतात. फळ्या जिथे संपतात त्या भागात कणाच दोन्ही बाजूंनी सुमारे १ मिमी पातळ करा आणि उरलेलं फळ्यांची टोकं तासून मिळवा. जुन्या सूचनापत्रकांत याचा उल्लेख क्वचितच असतो, आणि मागून बोजड दिसणाऱ्या जहाजांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

फळ्या

सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या लावत गेलात तर नाळेशी गर्दी होते आणि त्या एकमेकींवर चढू लागतात. म्हणून आधी मोजा. प्रत्येक बल्कहेडाच्या कडेवर कागदाची पट्टी लावून जेवढा भाग झाकायचा तेवढी लांबी घ्या. समजा, मध्यावर ९० मिमी भरले आणि नाळेशी ५४ मिमी. ५ मिमीच्या पट्ट्या असतील तर मध्यावर १८ लागतील. तेवढ्याच १८ नाळेशी बसवायच्या, म्हणजे तिथे प्रत्येकीची रुंदी ३ मिमी हवी. ५ वरून ३ पर्यंत निमुळती करत पट्टी रंध्याने तासा. निम्म्याहून कमी रुंदी करायची वेळ आली तर थांबा आणि दोन पट्ट्यांची मिळून एक करा. खऱ्या गोद्यांमध्ये फळीला सुईसारखं टोक ठेवत नसत, कारण तशा टोकात खिळा धरत नाही. जुन्या सूचनांमध्ये नाळेशी टोकदार पाचरी भरायला सांगितलेलं असतं. आतल्या थरात ते चालेल, बाहेरच्या थरात नको.

पट्टी वळवायला पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा आणि मग गरम इस्त्रीच्या कडेवरून हळूहळू वळवा. वळण खरं तर उष्णतेने येतं, पाणी ती उष्णता आत पोहोचवतं. जुनं अक्रोडाचं लाकूड कोरडं आणि ठिसूळ झालेलं असतं, त्याला जास्त वेळ भिजवा आणि वळण दोन-तीन खेपांत द्या. वळलेली पट्टी सांगाड्यावर चाप लावून पूर्ण वाळू द्या, नंतर चिकटवा. ओली चिकटवली तर वाळताना आकसते आणि शेजारच्या पट्टीशी फट पडते. एक पट्टी डावीकडे, की लगेच तिची जोडीदार उजवीकडे. हा नियम शेवटच्या पट्टीपर्यंत मोडायचा नाही.

पहिला थर झाला की पुन्हा बाजूचा दिवा, पुन्हा तळवा. खड्ड्यांत पुट्टी भरली तरी हरकत नाही, ती झाकली जाणार आहे. दुसऱ्या थरात मात्र प्रत्येक पट्टी दिसते. एकाच लांबलचक पट्टीने नाळेपासून मागपर्यंत जाऊ नका. जहाजांच्या फळ्या साधारण ६ ते ७ मीटरच्या असत, १:६४ ला त्या जेमतेम १०० मिमी भरतात. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. एकाच बल्कहेडावर सांधा पुन्हा यायच्या आधी मध्ये तीन अखंड फळ्या जाऊ द्या. डेकच्या फळ्यांमधली डांबराची रेघ दाखवायला पट्टीची एकच कड मऊ पेन्सिलीने काळी करा. दोन्ही केल्या तर रेघ प्रमाणापेक्षा जाड दिसते.

रंग आणि पॉलिशबद्दल एवढंच: पातळ हात, कमी चमक, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी.

डोलकाठ्या आणि दोर

डोलकाठी निमुळती करताना आधी चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा बाजू, आणि शेवटी पॉलिश पेपरने गोल. डोलकाठ्या आणि आडव्या काठ्यांवर लागणाऱ्या सगळ्या कप्प्या टेबलावरच बांधून घ्या. उभ्या जहाजावर, दोरांच्या जाळीत चिमटा घालून कप्पी बांधायला दहापट वेळ लागतो.

दोराच्या जाडीत फार लोक फसतात. जुन्या तक्त्यांमध्ये दोराचं माप परिघाचं असतं, जाडीचं नाही. ६ इंची दोराचा परीघ १५२ मिमी, म्हणून जाडी ४८.५ मिमी, आणि १:६४ ला ती होते ०.७६ मिमी. परिघालाच जाडी समजलात तर २.४ मिमीचा दोरखंड लागेल आणि सगळं जहाज त्याखाली दबून जाईल. आपल्याकडच्या दोऱ्याची जाडी काढायला तो पेन्सिलीवर शेजारी शेजारी २० वेढे गुंडाळा. वेढे १० मिमीत बसले तर दोरा ०.५ मिमीचा. डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर डांबरलेले असत, त्यांना गडद तपकिरी किंवा काळा रंग. शिडं हलवणारे दोर फिकट. प्रत्येक दोरा मधमाशांच्या मेणावरून ओढून घ्या, म्हणजे लव बसते.

डोलकाठीचे बाजूचे दोर जोडीजोडीने चढवा. पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढे, दुसरी डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. वरचा आणि खालचा डेडआय यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहण्यासाठी तारेचा लहानसा आकडा वाकवून तो दोन्हींच्या भोकांत अडकवून ठेवा आणि मग दोर बांधा.

त्यानंतर रॅटलाइन, म्हणजे खलाशांच्या चढायच्या दोरी-पायऱ्या. दोन पायऱ्यांत खऱ्या जहाजावर साधारण ३५ ते ३८ सेंमी अंतर, १:६४ ला ५.५ ते ६ मिमी. पांढऱ्या कार्डावर तेवढ्या अंतराने रेघा आखून ते दोरांच्या मागे लावा. प्रत्येक उभ्या दोरावर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची अडक गाठ. तीन डोलकाठ्यांवर गाठी हजारांत जातात, म्हणून एका बैठकीत दहा ओळींपेक्षा जास्त करू नका. हात थकला की गाठ जास्त आवळली जाते, उभे दोर आत ओढले जातात आणि मधे डमरूसारखी कंबर पडते. दर पाच ओळींनी कडेच्या दोराला पट्टी लावून पाहा. तो सरळ असेल तरच गाठींवर पातळ केलेल्या गोंदाचा ठिपका द्या.

किटमधलं शिडांचं कापड बहुधा प्रमाणाच्या मानाने फार जाड असतं. मी शिडं लावतच नाही. दोरकाम त्यांच्याशिवाय जास्त स्पष्ट दिसतं.

पेटी

काचपेटीची चौकट ओकची नको आणि आम्लाचा आंबट वास येणाऱ्या सिलिकॉनने काचा जोडू नका. तळाशी मागच्या बाजूला हवेसाठी चार-पाच भोकं ठेवा, त्यांवर बारीक जाळी लावा. थेट ऊन पडेल तिथे पेटी ठेवू नका. एका कागदावर लिहा: कोणते भाग मूळ किटमधले, कोणते बदलले, कोणतं लाकूड, कोणता दोरा, कोणता गोंद, कोणत्या वर्षी. तो कागद बैठकीच्या खाली पाकिटात ठेवा. वापरलेले नसलेले मूळ भाग, शिशाचे वगळून, नकाशासकट त्याच जुन्या खोक्यात परत ठेवा.